सावकाश धाव परत द्या : प्रशिक्षण समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि प्रशिक्षण समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

तुमचं नवं परिपत्रक माझ्या मुलीच्या फोनवर आलं, तेव्हा ती बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. तिने ते वाचलं, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, “आई, बुधवारची धाव गेली.”

बुधवारची धाव म्हणजे तासभर सावकाश पळणं. कुणी घड्याळ लावत नाही, कुणाला पुढे जायची घाई नसते. मुली गप्पा मारत जातात आणि गप्पा मारत परत येतात. तुमच्या तक्त्यात त्या चौकोनात आता ‘हिट-४’ असं छापलंय.

हे पत्र जाहीरपणे लिहायचं नव्हतं. याआधी दोनदा तुम्हालाच लिहिलं. दोन्ही वेळा ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’ एवढं उत्तर आलं आणि तक्ता तसाच राहिला. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. इतर पालकांनी, प्रशिक्षकांनी आणि मुख्य म्हणजे खेळाडूंनीही वाचावं.

मी कोण, तेही सांगते. दहा वर्षं मी ८०० मीटर धावले. फार मोठी पदकं नाहीत, पण शेवटच्या दीडशे मीटरला पायात शिसं उतरतं म्हणजे काय होतं ते मला ठाऊक आहे. आज मी रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करते. गळ्यावर, दंडावर, मांडीवर प्रोब ठेवून धमन्या बघणं हे माझं रोजचं काम. आणि माझी सतरा वर्षांची मुलगी तुमच्या संघात १५०० मीटर धावते. तेव्हा मी तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

परिपत्रक म्हणतं ते थोडक्यात असं. येत्या हंगामापासून चौदा वर्षांवरच्या सगळ्या गटांना, प्रौढ गटासकट, आठवड्याला पाच हाय इंटेन्सिटी इंटरव्हल (म्हणजे ‘हिट’ : पूर्ण जोराचे छोटे टप्पे, मध्ये थोडी विश्रांती) सत्रं सक्तीची. सावकाश धावेचे दोन्ही दिवस रद्द. वजनाच्या व्यायामाचे दोन दिवस कायम. हंगामाआधीची वैद्यकीय तपासणी ‘ऐच्छिक’, कारण मनगटावरचं उपकरण ‘रक्तवाहिन्यांचं वय’ सांगणारच आहे. या सगळ्याला आधार म्हणून एकच वाक्य दिलंय : ‘हिटमुळे रक्तवाहिन्यांचे आरोग्य सुधारते हे विज्ञानाने सिद्ध केले आहे.’

हे वाक्य खोटं नाही, अडचण तीच आहे. खोटं असतं तर एका ओळीत खोडून मोकळी झाले असते. ते खरं आहे, पण कुणासाठी, किती आणि किती दिवस, हे त्यातून गाळलंय.

माझ्या खोलीत काय चालतं ते आधी सांगते, पुढचं समजायला सोपं जाईल. खेळाडू उपाशीपोटी येतो आणि स्वस्थ पडून राहतो. दंडातल्या धमनीवर मी प्रोब धरते. पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा दिसतात आणि त्यांच्यामध्ये काळी पट्टी. ती काळी पट्टी म्हणजे वाहतं रक्त. रुंदी समजा ३.४ मिलिमीटर. मग कोपराखाली बीपीचा असतो तसा कफ फुगवून पाच मिनिटं हाताचा रक्तपुरवठा रोखायचा. बोटांना मुंग्या येतात, धडधाकट पोरंसुद्धा चुळबुळ करायला लागतात. कफ सोडला की रक्त लोंढ्यासारखं आत घुसतं आणि साधारण मिनिटभरात ती काळी पट्टी रुंदावते, ३.४ ची ३.६ होते, म्हणजे साधारण सहा टक्के. दोन केसांच्या जाडीएवढा हा फरक, पण धमनीची तब्येत त्यातच कळते. ही चाचणी १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून पुढे आली. हिटच्या बाजूने तुम्ही ज्या अभ्यासांकडे बोट दाखवता, त्यांतल्या बहुतेकांत हाच आकडा मोजलेला आहे.

धमनी रुंदावते कशी? तिला आतून पेशींचं एकाच थराचं अस्तर असतं, एंडोथेलियम. रक्त जोरात वाहू लागलं की ते या अस्तराला घासत जातं. घासलं की अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, ते भिंतीतल्या स्नायूत शिरतं आणि स्नायू सैल पडतो. अस्तर खरवडून काढलेली धमनी अ‍ॅसिटिलकोलीन हे तिला एरवी सैल करणारं रसायन देऊनही सैल होत नाही, हे शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. पुढे हा निरोप पोचवणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइडच आहे हे कळलं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरिद मुराद यांना मिळालं.

व्यायामाचा फायदा या घासण्यातून येतो, याचा मला फार आवडणारा एक प्रयोग आहे. स्वयंसेवकांनी आठ आठवडे दोन्ही हातांनी सारखाच पकडीचा व्यायाम केला, फक्त एका हातावर कफ बांधून वाढलेला प्रवाह अडवला होता. मेहनत दोन्ही हातांची सारखी. सुधारली ती मोकळ्या हाताचीच धमनी. तेव्हा जोरात धावणं, प्रवाह वाढवणं, हे अस्तराला हवंच असतं. हिटच्या विरोधात मी नाही. आमच्या काळी त्याला हे नाव नव्हतं, पण ३०० मीटरच्या फेऱ्या मारून मारून उलट्या मीही काढल्यात.

आता तक्रारी.

पहिली. तुम्ही रुग्णांचं औषध खेळाडूंना त्याच कारणासाठी देताय.

हिटच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास २००७ चा, नॉर्वेतला. चार-चार मिनिटांचे चार टप्पे, कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता हिट गटात ४६ टक्के वाढली, एकसंध, म्हणजे न थांबता मध्यम गतीने केलेल्या व्यायामाच्या गटात १४ टक्के. धमनीचा आकडाही हिट गटात जास्त सुधारला. वाचून कुणीही हरखून जाईल. पण ते होते हार्ट फेल्युअरचे रुग्ण, सरासरी वय ७५, एकूण २७ जण, तीन गटांत वाटलेले. म्हणजे प्रत्यक्ष हिट केलं नऊ जणांनी. आणि तेही आठवड्यातून तीनदा, पाचदा नाही.

पुढे २०१५ मध्ये असे सात अभ्यास एकत्र करून पाहिले, १८२ माणसं. रुंदावण्याचा आकडा हिटने सरासरी ४.३१ टक्के-बिंदूंनी वाढला, मध्यम गतीच्या व्यायामाने २.१५. दुप्पट! तुमच्या सादरीकरणात हाच आलेख होता, मी ओळखला. फक्त ही १८२ माणसंही रुग्णच होती, एवढं सांगायचं राहिलं. आणि त्याच वर्षी बेल्जियममध्ये २०० हृदयरुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्याच ठरल्या. २०१७ मध्ये नऊ केंद्रांत मिळून २६१ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर चाचणी झाली, तिथेही हिट वरचढ ठरलं नाही. त्यात हिट गटातल्या साधारण निम्म्या लोकांनी ठरलेली तीव्रता गाठलीच नव्हती, हेही नोंदलंय. या चाचण्या तुमच्या सादरीकरणात दिसल्या नाहीत.

बरं, खेळाडूचं काय? खेळाडूची धमनी मुळातच वेगळी असते. सराव सुरू केला की आधी तिचं काम सुधारतं, मग तिची बांधणी बदलते. एका अभ्यासात दोन आठवड्यांत रुंदावण्याचा आकडा वर गेला आणि आठव्या आठवड्यापर्यंत परत जवळजवळ मूळ जागी आला, कारण दरम्यान धमनी स्वतःच मोठी होऊ लागली होती. वर्षानुवर्षं सराव केलेल्यांत ही बांधणी कायमची दिसते. अव्वल स्क्वॉशपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताची धमनी दुसऱ्या हातापेक्षा रुंद असते. भिंत मात्र दोन्ही हातांत पातळ सापडली. म्हणून कसलेल्या धावपटूचा आकडा कधीकधी साध्या निरोगी माणसाएवढाच येतो. माझ्यासमोर एका प्रशिक्षकांनी असा अहवाल पाहून मुलाला ‘तुझ्या नळ्या तुंबल्यात’ असं सांगितलं होतं. मुलगा आठवडाभर झोपला नाही. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

वर चढायला जिथे जागाच थोडी आहे, तिथे आणखी जोर लावून काय मिळवायचं, याचं उत्तर परिपत्रकात नाही. शर्यतीचा वेग वाढवायला हिट लागतं म्हणा, मी पहिली मान डोलवेन. रक्तवाहिन्यांच्या नावावर ते खपवू नका.

दुसरी तक्रार मात्रेची, आणि ही मला सर्वांत जास्त टोचते.

तुमचा तक्ता मी मांडून पाहिला. विश्रांती सोडून निव्वळ जोराचं काम एका सत्रात ३२ मिनिटं. पाच सत्रं म्हणजे आठवड्याला १६० मिनिटं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगात अकरा निरोगी स्वयंसेवकांना असंच चढत्या मात्रेने हिट दिलं होतं : पहिल्या आठवड्यात ३६ मिनिटं, दुसऱ्यात ९०, तिसऱ्यात १५२. तिसऱ्या आठवड्यानंतर स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशींतल्या ऊर्जाघरांची, क्षमता साधारण ४० टक्क्यांनी घसरली आणि साखर हाताळण्याची शरीराची ताकदही बिघडली. मात्रा कमी केल्यावर गाडी बरीचशी रुळावर आली. हा प्रयोग धमन्यांचा नव्हता आणि ती माणसं अव्वल खेळाडू नव्हती, हे मी लपवत नाही. पण जी मात्रा तिथे ‘अति’ म्हणून दिली होती, तिच्याहून आठ मिनिटं जास्त तुम्ही चौदा वर्षांच्या पोरांना देताय. तीही आठवडाभर नाही, अख्खा हंगाम.

धमन्यांबद्दल म्हणाल, तर जोराच्या सत्रानंतर लगेच मोजलं तर अस्तराचं काम पुष्कळदा खाली गेलेलं दिसतं. काही तासांत, फार तर दिवसभरात ते सावरतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. या ताणातून सावरतानाच तर शरीर घडतं. आमच्या चाचणीच्या नियमांतच लिहिलेलं असतं की आधीचे चोवीस तास व्यायाम करू नये, नाहीतर आकडा भरवशाचा येत नाही. तुमच्या तक्त्यात सोमवार संध्याकाळचं सत्र आणि मंगळवार पहाटेचं सत्र यांत अकरा तासांचं अंतर आहे. म्हणजे हंगामभर तुमच्या खेळाडूची चाचणी मला नियमाने करताच येणार नाही. तो कधी सावरलेला सापडणारच नाही.

मध्येच एक सांगायचं राहिलं. ही सत्रं मैदानावर ‘ताबाता’ म्हणून ओळखली जातात. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासात वीस सेकंद जोर, दहा सेकंद थांबा, अशा सात-आठ फेऱ्या होत्या. सगळं चार मिनिटांत आटपत असे. धमन्या त्यात मोजल्याच नव्हत्या. आणि आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी एका दिवशी आधी अर्धा तास ७० टक्के क्षमतेवर एकसंध सायकल चालवायची होती. ज्यांचं नाव घेऊन तुम्ही संथ दिवस काढून टाकलात, त्यांनी तसला एक दिवस ठेवला होता.

तिसरी तक्रार त्या संथ दिवसांचीच. सावकाश धाव म्हणजे वेळ घालवणं, असं तुमच्या एका सदस्यांनी बैठकीत म्हटलं, तेव्हा मी मागच्या रांगेत होते. सहनशक्तीच्या खेळांतले अव्वल लोक आपली ८० टक्क्यांच्या आसपास सत्रं सावकाशच करतात, हे नोंदींवरून वारंवार दिसलंय. नॉर्वेच्या कनिष्ठ स्कीपटूंच्या नोंदींतही तेच. ते वेळ घालवत नव्हते.

आणि धमन्यांच्या बाजूने पाहिलं तर यात एक मोठी मेख आहे. वजनाचे दोन दिवस तुम्ही ठेवलेत. २००४ च्या एका जपानी अभ्यासात निरोगी तरुणांनी चार महिने जड वजनांचा व्यायाम केला, तेव्हा मानेतल्या मोठ्या धमनीचा लवचिकपणा १९ टक्क्यांनी घटला. व्यायाम थांबवल्यावर तो परत आला. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की वजनांच्या जोडीला सहनशक्तीचा मध्यम व्यायाम ठेवला तर हा ताठरपणा टाळता येतो. श्वास रोखून जोर लावला की दाब कुठे जातो याचीही कल्पना असावी : १९८५ मध्ये शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी घालून लेग प्रेसच्या वेळी दाब मोजला, तर सरासरी ३२० वर २५० भरला. पडल्या पडल्या तुमचा-माझा १२० वर ८० असतो. तो क्षणभराचाच असतो आणि तरुण धमन्या तो झेलतात. पण त्यावरचा उतारा असलेला संथ व्यायाम नेमका उचलून बाहेर टाकायचा, याला काय म्हणावं?

चौथी तक्रार मुलींची. हे लिहायची परवानगी माझ्या मुलीनेच दिली. “लिही, पण नाव नको,” म्हणाली.

नवा तक्ता तुम्ही प्रयोग म्हणून आमच्या गटावर आधीच नऊ आठवडे चालवलात. तिची सकाळची नाडी ५२ असायची, ती सहाव्या आठवड्यात ६४ वर गेली. वेळ सुधारायच्या ऐवजी चार सेकंदांनी मागे पडली. प्रशिक्षक म्हणाले, अंगचोरपणा करते. मग तिची पाळी चुकली. एकदा, दोनदा. गटातल्या आणखी दोघींची तीच गत होती, पण तिघींपैकी कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण पाळी गेली म्हणजे ‘आता खरी फिट झालीस’ असं मोठ्या मुलींकडून ऐकलेलं.

एका रविवारी मी तिला माझ्या खोलीत झोपवलं आणि कफ बांधला. धमनी ३.१ मिलिमीटर. कफ सोडला. पडद्याकडे बघत बसले. एरवी मिनिटाच्या आत पट्टी रुंदावते, ती जेमतेम हलली. आकडा आला २.९ टक्के. एका मोजणीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी रोज लोकांना सांगते. ते त्या दिवशी स्वतःला सांगत घरी आले.

पण यामागचं शास्त्र नवं नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक एंडोथेलियमला नायट्रिक ऑक्साइड बनवायला मदत करतं. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं आणि इस्ट्रोजेन घसरतं. पाळी बंद झालेल्या धावपटू मुलींच्या धमन्या नियमित पाळी असलेल्या धावपटूंपेक्षा कमी रुंदावतात, हे एकाहून जास्त अभ्यासांत मोजलेलं आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जेच्या तुटीला स्वतंत्र नाव दिलं आणि तिच्या दुष्परिणामांत हाडांबरोबर हृदय-रक्तवाहिन्याही मोजल्या. म्हणजे जी गोष्ट सुधारायला म्हणून तुम्ही तक्ता बदललात, तीच गोष्ट या मुलींत बिघडू शकते. परिपत्रकाच्या अकरा पानांत ‘पाळी’ हा शब्द एकदाही नाही. ‘वजनाची साप्ताहिक नोंद’ तीनदा आहे.

माझी मुलगी आता बरी आहे. दोन महिने तिचा तक्ता आम्ही घरी बदलला, खाणं वाढवलं, डॉक्टरांना दाखवलं. तुमच्याकडे मी वैद्यकीय रजा टाकली. तिच्यावर शेरा आला : ‘शिस्तीचा अभाव’.

पाचवी, प्रौढ गटाची आणि रद्द केलेल्या तपासणीची.

चाळिशी-पन्नाशीतले लोक वर्षभर खुर्चीत बसून हंगामाला परत येतात, हे तुम्हाला माहीत आहे. १९९३ मध्ये एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाने दाखवलं की जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका तात्पुरता सुमारे सहापट होतो. पण नियमित व्यायाम करणाऱ्यांत तो फक्त अडीचपटीच्या आसपास, आणि आठवड्यातून एकदाही न हलणाऱ्यांत शंभरपटीच्या वर. मुळातला धोका फार लहान असतो, म्हणून घबराट नको. पण पहिल्याच आठवड्यात पाच हिट सत्रं हे नेमकं त्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला ढकलणं आहे.

जे वर्षानुवर्षं धावतायत त्यांचंही चित्र सरळ नाही. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या २८९ मध्यमवयीन आणि त्याहून मोठ्या पुरुष खेळाडूंचा सहा वर्षांहून जास्त काळचा अभ्यास आला. हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीत साचून त्या कडक करणारा कॅल्शियम वाढण्याचा संबंध व्यायाम किती केला याच्याशी दिसला नाही, तर अतितीव्र व्यायामाचा वाटा किती होता याच्याशी दिसला. दुसऱ्या बाजूला, २१,७५८ पुरुषांच्या एका अमेरिकन पाहणीत खूप व्यायाम करणाऱ्यांत कॅल्शियम जास्त असूनही मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही मिळून एवढंच सांगतं, की या वयात रक्तदाब न मोजता, घरात कुणाला हृदयविकार होता का ते न विचारता, सगळ्यांना एकच तक्ता देऊ नये.

मनगटावरच्या उपकरणाबद्दल फार बोलत नाही. ते त्वचेवर उजेड टाकून नाडी वाचतं, आणि जोराच्या हालचालीत तेही चुकतं. धमनीचं अस्तर त्याला दिसत नाही. माझ्याकडे एक सायकलपटू आला होता. पूर्ण जोर लावला की डावी मांडी सुन्न व्हायची, थांबला की दोन मिनिटांत ठीक. बसल्या जागी पायाची नाडी उत्तम. दोन वर्षं त्याला नाटकी म्हटलं गेलं. आम्ही त्याला दमेपर्यंत सायकल मारायला लावली आणि लगेच घोट्यावर दाब घेतला : डावीकडचा उजवीच्या निम्म्याहून कमी. कमरेखालून पायाकडे जाणाऱ्या धमनीची भिंत आतून जाड झाली होती. सायकलपटूंमधला हा विकार १९८० च्या दशकापासून वैद्यकात माहीत आहे. त्याच्या मनगटावरच्या उपकरणाने दोन्ही वर्षं त्याच्या ‘रक्तवाहिन्यांचं वय’ एकोणीस दाखवलं होतं.

सहावी, छोटी. शेवटची फेरी संपली की मुलांना रांगेत स्थिर उभं करून हजेरी घेतात. जोराच्या धावेनंतर पायांतल्या रक्तवाहिन्या सताड उघड्या असतात, चालणं थांबलं की रक्त खालीच साचतं आणि दाब कोसळतो. गेल्या महिन्यात दोन मुली अशा रांगेत घेरी येऊन पडल्या. हजेरी चालता चालता घ्या. याला संशोधन लागत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

आठवड्यातली हिट सत्रं दोनवर आणावीत, प्रशिक्षक आणि खेळाडू दोघांनी मिळून ठरवलं तरच तीन, आणि दोन सत्रांत किमान ४८ तास असावेत. सोळा वर्षांखालच्या गटाला सक्ती नको. संथ धावेचे दोन्ही दिवस परत द्यावेत, त्यातला एक वजनांच्या दुसऱ्या दिवशी. हंगामाआधीची तपासणी पुन्हा सक्तीची करावी, तिच्यात दोन्ही दंडांवर रक्तदाब, घरातला इतिहास आणि पस्तिशीवरच्या प्रत्येकाला डॉक्टरांचा सल्ला असावा. मुलींच्या नोंदीत वजनाच्या जागी पाळीचा रकाना यावा, तो फक्त डॉक्टरांनी बघावा, आणि तीन महिने पाळी नसेल तर तीव्र सत्रं थांबावीत. सकाळची नाडी, झोप आणि दुखणी यांची नोंद खेळाडूंनी ठेवावी आणि ती पाहून सत्र बदलायचा अधिकार प्रशिक्षकांना लेखी मिळावा. आज बरेच प्रशिक्षक मनातून सहमत आहेत, पण परिपत्रकापुढे त्यांचं काही चालत नाही, हे त्यांनीच मला सांगितलंय. शेवटचं, माझ्या मुलीच्या आणि त्या दोघींच्या नावापुढचा शिस्तीचा शेरा काढावा.

यातल्या एकाही मागणीला मोठा खर्च नाही. तपासणीच्या दिवशी हात कमी पडले तर मी माझं यंत्र घेऊन येते, मानधन नको. समितीच्या सदस्यांपैकी कुणाला स्वतःचा आकडा पाहायचा असेल तर उपाशीपोटी यावं, आदल्या दिवशी व्यायाम करू नये.

येत्या बुधवारी सकाळी आमच्या गटातल्या सहा मुली, पालकांच्या लेखी संमतीने, त्यांची तासाभराची सावकाश धाव करणार आहेत. ‘हिट-४’ च्या हजेरीपटावर त्यांची गैरहजेरी लागेल. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, ते समितीने त्याआधी ठरवून कळवावं.

आपली विश्वासू,
एक माजी धावपटू आणि एका धावपटूची आई